भिंतीवरचे पाच अंश

मी एक जुना तापमापक आहे. मित्रांनो, गोष्ट सुरू करण्याआधी एक कबुली देतो. आठ वर्षं मी रोज सकाळी खरा आकडा दाखवला, आणि त्या खऱ्या आकड्यांवर विश्वास ठेवल्यामुळे आंब्याची चार झाडं मेली. हे कसं झालं, ते तुम्हाला कळावं म्हणून मी बोलतो आहे.

ताप आल्यावर तुमच्या काखेत ठेवतात, तसला मी नाही. माझी काचेची नळी घोड्याच्या नालासारखी वळलेली आहे. वळणात पारा आहे आणि वरच्या फुग्यांत स्पिरिट. दोन्ही बाजूंना पाऱ्यावर पोलादाचा एकेक बारीक काटा बसलेला असतो. पारा वर सरकताना काट्याला ढकलतो; खाली येताना मात्र त्याला तिथेच सोडून येतो. त्यामुळे डावीकडचा काटा सर्वांत कमी तापमान धरून ठेवतो आणि उजवीकडचा सर्वांत जास्त. पहाटे किती थंडी पडली हे बघायला कोणी जागत बसायचं कारण नाही. सकाळी उठावं, काटा वाचावा आणि लोहचुंबक फिरवून त्याला पुन्हा पाऱ्यावर आणून ठेवावं. डावीकडचे आकडे उलटे लिहिलेले असतात, थंडी वाढली की पारा वर चढतो. नवखा माणूस तिथे हमखास गोंधळतो.

माझी नळी एका बाईंनी ज्योतीवर वाकवली. नंतर एका तपासनिसाने मला किसलेल्या बर्फात गळ्यापर्यंत बुडवलं. पारा बरोबर शून्यावर थांबला. त्याने मला बाहेर काढलं, पुसलं आणि पुन्हा बुडवलं, कारण एकदा बरोबर आलेल्या आकड्यावर त्याचा विश्वास नसे. दुसऱ्यांदाही शून्यच. तेव्हा कुठे त्याने माझ्या पाठीवर शिक्का मारला. त्या शिक्क्याचा मला फार अभिमान होता. मी चुकू शकत नाही असं मला वाटायचं. खरं तर त्या शिक्क्याचा अर्थ फक्त एवढाच होता, की मी जिथे असेन तिथलं तापमान बरोबर सांगेन.

पुढची दोन वर्षं मी हार्डवेअरच्या दुकानात बिजागऱ्यांच्या खोक्याशेजारी पडून होतो. तिथून मला ताईने विकत घेतलं.

ताई शिंपीण होती. डोंगराच्या उतारावर, समुद्रसपाटीपासून सोळाशे मीटर उंचीवर, तिचं दगडी घर होतं. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, मागे स्वयंपाकघर आणि स्वयंपाकघराच्या दारातून खाली उतरत गेलेली लांबट जमीन. आजूबाजूला सगळे सफरचंद आणि आलुबुखार लावायचे. ताईने मात्र खालच्या उष्ण भागातून आंब्याची सात कलमं आणली होती. रोपवाटिकेचा मालक म्हणाला होता, "वर नेताय? न्या बाई. पण कुणी विचारलं तर माझं नाव सांगू नका."

ताई हट्टी होती, पण आंधळी हट्टी नव्हती. तिने वाचलं होतं, माणसांना विचारलं होतं. आंब्याला मोहोर यायला थोडी थंडी हवीच असते; पण चार अंशांच्या खाली गेलं की मोहोर काळा पडतो आणि शून्याच्या खाली कोवळं झाडच जातं. प्रश्न दोन-चार अंशांचा होता. उन्हाकडे तोंड करून असलेला उतार, झाडांच्या बुंध्याशी रचलेले काळे दगड आणि रात्री पांघरायला जुने पडदे, एवढ्यावर हे दोन-चार अंश मिळवता येतील असा तिचा हिशेब होता. खालच्या बाजूने वर चढणारा वारा अंगावर काटा आणायचा, म्हणून जमिनीच्या अगदी खालच्या कडेला तिने दाट झुडपांचं कुंपण लावलं. ते तीन वर्षांत माणसाच्या डोक्याच्या वर गेलं. इतकं दाट, की त्यातून मांजरसुद्धा जात नसे.

आणि मला तिने स्वयंपाकघराच्या दाराशेजारी, भिंतीवर टांगलं. तिथून मी हाताशी होतो. पहाटे चहाचं आधण ठेवलं, की दारातून हात बाहेर काढून ती मला वाचायची आणि आकडा ग्राहकांच्या मापांच्या वहीत लिहायची. एका पानावर कुणाची तरी छाती-कंबर, समोरच्या पानावर माझं किमान-कमाल.

पहिल्या हिवाळ्यात दोन झाडं गेली. मी सहा अंशांच्या खाली गेलोच नव्हतो. ताईने वही पाहिली आणि म्हणाली, "थंडीचं काम नाही हे. पाणी जास्त झालं असणार." तिने पाणी कमी केलं. पुढच्या वर्षी आणखी एक झाड वाळलं. माझा आकडा साडेपाच. तिने माती बदलली. चौथं झाड गेलं तेव्हा तिने कलमालाच दोष दिला आणि मग स्वतःला. "माझ्या हातालाच गुण नाही," असं ती मशीन चालवता चालवता म्हणाली, ते मी खिडकीतून ऐकलं.

माझ्यावर मात्र तिचा अढळ विश्वास. आल्यागेल्याला सांगायची, "हा कधी चुकत नाही." रविवारी मऊ फडक्याने माझी काच पुसायची. मित्रांनो, त्या पुसण्याचं मला तेव्हा सुख वाटे आणि आज ते आठवलं की लाज वाटते.

नवव्या वर्षी गोष्ट हातघाईवर आली. जमीन ताईची एकटीची नव्हती, तिच्या धाकट्या भावाचीही होती. तो प्लंबर होता. मिशीत पांढरे केस आले होते, तरी ताई त्याला छोट्या म्हणायची. त्याला पाइप आणि टाक्या ठेवायला शेड बांधायची होती आणि खालच्या रस्त्याला लागून असलेली हीच जागा त्याला हवी होती. त्याने आठ वर्षं वाट पाहिली होती.

"ताई, तुझी ती तीन काटकं बघून मला रडू येतं," तो म्हणाला. "सरळ सांग, अजून किती वर्षं?"

"एवढंच वर्ष."

"मागच्या वर्षी पण एवढंच होतं."

"या हंगामात एका तरी झाडाला फळ धरलं नाही, तर मी स्वतः कुऱ्हाड चालवीन. मग घाल तुझी शेड."

"आणि धरलं तर?"

"तर शेडचं नाव काढायचं नाही."

"शब्द?"

"शब्द."

तो हसत गेला. त्याला हरण्याची भीती वाटण्यासारखं काही दिसत नव्हतं.

आणि त्याच हिवाळ्याच्या शेवटी मधल्या झाडाला मोहोर आला. नऊ वर्षांत पहिल्यांदा. ताईने तुरे मोजले, एकवीस. दिवसातून चार वेळा ती झाडाशी जायची. गिऱ्हाइकांचे कपडे मशीनवर तसेच पडून राहू लागले. एकजण म्हणाली, "ताई, माझा ब्लाउज आंब्याच्या आधी होईल ना?"

मग दोन दिवसांचे ढग पांगले. आकाश धुतल्यासारखं स्वच्छ झालं. जाणकाराला अशा आकाशाची धास्ती वाटते, कारण ढगांचं पांघरूण नसलं की जमिनीची ऊब सरळ वर निघून जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईने दारातून हात बाहेर काढला. माझा डावा काटा पाचावर होता. "पाच," ती मोठ्याने म्हणाली आणि निःश्वास सोडला. मग झाडाशी गेली.

ती परत आली तेव्हा चेहरा उतरला होता. हातात काळा पडलेला तुरा होता. तो तिने माझ्यासमोर धरला, जणू मला डोळे आहेत.

"तू पाच म्हणतोस. मग हे काय?"

माझा काटा पाचावरच होता. तिने माझ्या काचेवर नखाने टकटक केली. हे तिने पूर्वी कधीच केलं नव्हतं. खालच्या फांद्यांवरचे नऊ तुरे गेले होते. बारा उरले होते, आणि रेडिओवर सांगत होते की आजची रात्र कालच्याहून थंड असेल.

दुपारी छोट्या आला. शेडचे खांब कुठे रोवायचे ते बघायला आला होता, पण ताईचा चेहरा बघून उंबऱ्यावरच थबकला.

"काय झालं?"

"मोहोर काळा पडतोय. आणि हा पाच सांगतोय."

"बिघडला असेल."

"हा बिघडत नाही." ताईने सवयीने माझी बाजू घेतली.

छोट्याने माझ्याकडे पाहिलं. मग तळहात भिंतीवर टेकवला. दिवसभर ऊन खाल्लेला दगड, आणि आतल्या बाजूला चूल. त्याने हात तसाच ठेवला आणि तो हसू लागला.

"हसायला काय झालं रे मेल्या?"

"ताई, ताप पेशंटचा बघायचा, तर थर्मामीटर नर्सच्या काखेत लावतात का? झाड तिकडे, हा इकडे. हा तुझ्या स्वयंपाकघराचा ताप सांगतोय!"

ताई हसली नाही. तिने वही उघडली. मागे मागे पानं उलटत गेली. पाच, सहा, साडेपाच, सहा. मग वही मिटली आणि म्हणाली, "आठ वर्षं." एवढंच.

मला त्या क्षणी फुटून जावंसं वाटलं.

पण ताई फार वेळ बसून राहणारी नव्हती. तिने मला खिळ्यावरून काढलं. दुपारचे साडेतीन वाजले होते. समोरच्या डोंगराची सावली नुकतीच जमिनीवर आली होती. छोट्या म्हणाला, "घाई नको. तुझ्या मुठीची ऊब त्याला लागली आहे. टांग आणि दहा मिनिटं थांब. पाण्याचा दाब मोजतानासुद्धा काटा स्थिर व्हायला वेळ द्यावा लागतो."

"आता तू शिकव मला."

"शिक ना मग."

त्यांनी मला तीन ठिकाणी टांगलं. प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं. भिंतीवर पारा चौदावर होता. मोहोराच्या उंचीला, झाडाशेजारी काठीवर, नऊ. आणि खाली कुंपणाच्या आतल्या कोपऱ्यात सात. वेळ पुढे जातो तशी थंडी वाढते, म्हणून ताईने मला उलट्या क्रमाने पुन्हा फिरवलं; झाडाशी आता आठ होते आणि भिंतीवर अजूनही तेरा. एका सरळ उतारावर, पन्नास पावलांच्या अंतरात, एवढा फरक. मी तिन्ही ठिकाणी खरं बोललो होतो. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला नीट प्रश्न विचारत होतं.

"पण कुंपणाशी सगळ्यात जास्त थंडी का?" ताई म्हणाली. "तिथे तर वारा अडतो."

छोट्याचं लक्ष वर गेलं होतं. बागेच्या वरच्या कडेला ताईने पाचोळ्याचा ढीग पेटवला होता. धुरामुळे मोहोर वाचेल असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. वारा पूर्ण पडला होता. धूर वर जात नव्हता. जमिनीला चिकटून तो हळूहळू उतारावरून खाली येत होता, झाडांच्या पायांतून वाहत होता आणि कुंपणाशी येऊन थांबत होता. तिथे त्याचा थर चढत होता. आधी गुडघ्याएवढा, मग कमरेएवढा.

छोट्या त्या धुराकडे बघत राहिला. मग तो म्हणाला, "ताई, हे तुंबलंय."

"काय तुंबलंय?"

"थंडी. थंड हवा जड असते, पाण्यासारखी उतारानं खाली येते. रोज रात्री वरच्या डोंगराची सगळी थंडी तुझ्या जमिनीतून वाहत जाते आणि तू खाली बांध घातलायस. बाथरूमच्या जाळीत केस अडकल्यावर काय होतं? अगदी तेच. तुझे आंबे इतकी वर्षं तुंबलेल्या थंडीत उभे आहेत."

ताई कुंपणाकडे बघू लागली. ते तिने काडी काडी लावून वाढवलं होतं. पहिल्या उन्हाळ्यात बादल्यांनी पाणी घातलं होतं. त्या कुंपणाने झाडं वाचतील म्हणून ती रात्री शांत झोपायची.

"सगळं काढायचं?"

"निदान खालचा कोपरा. सगळ्यात सखल तोच आहे. चार पावलांची वाट केली, तरी निचरा होईल." त्याने आकाशाकडे पाहिलं. "अंधार पडायला तास आहे."

मग त्याची नजर शेडच्या जागेवरून फिरली. मला वाटतं, ते त्याला तेव्हाच सुचलं. तो काही बोलला नसता, तर उद्या सकाळपर्यंत बारा तुरे काळे झाले असते आणि जागा त्याची झाली असती. ताईलाही तेच सुचलं असावं, कारण तिने विचारलं, "तुझ्या शेडचं काय?"

"मी माझ्या पायावर धोंडा मारून घेतोय, ते कळतंय मला. करवत कुठे आहे?"

"छोट्या, नंतर कुरकुर करायची नाही."

"नंतर करीन. आत्ता वेळ नाहीये. करवत कुठे आहे?"

करवत एकच होती. ती त्याने घेतली. ताईने कोयता घेतला, पण पहिल्या झुडपापाशी तिचा हात थांबला. मी शेजारच्या काठीवर होतो. मला तिचा श्वास ऐकू येत होता. पारा साडेसहावर आला होता.

"ताई!"

"थांब रे." तिने डोळे मिटले. "शिवण चुकली आहे, उसवायलाच हवी," ती स्वतःशी म्हणाली आणि कोयता चालवला.

झुडपं सहजासहजी हटेनात. नऊ वर्षांची मुळं, एकमेकांत गुंतलेल्या फांद्या. करवतीचं पान लाकडात अडकायचं, छोट्या शिव्या घालायचा, ताई तोडलेल्या फांद्या ओढून बाजूला टाकायची. तिच्या हातांना काट्यांनी ओरखडे आले. सव्वासहा. सहा. मी उतरत होतो आणि थांबू शकत नव्हतो. माझ्या हातात तेवढं एकच काम होतं, जे आहे ते सांगणं. आणि त्या संध्याकाळी ते मला फार क्रूर वाटलं.

"किती?" छोट्या ओरडायचा.

"साडेपाच!"

"अजून रात्र सुरूसुद्धा झाली नाही!"

शेवटचं झुडूप बुंध्यापासून निघालं तेव्हा पारा पाचावर होता. दोघं मागे सरकले. क्षणभर काहीच घडलं नाही. मग साचलेल्या धुराची कड हलली. तो त्या वाटेतून आधी दबकत आणि मग एका लयीत खालच्या रस्त्याकडे वाहू लागला. कमरेएवढा थर गुडघ्यावर आला, गुडघ्यावरून घोट्यावर.

"निघाला," छोट्या म्हणाला. मोरी मोकळी झाल्यावर म्हणावं, त्याच आवाजात.

दहा मिनिटांनी ताईने मला वाचलं. पारा सहावर होता. तासाभरात पहिल्यांदा तो मागे फिरला होता. पुरेसं होतं की नाही, ते कोणालाच माहीत नव्हतं. त्यांनी काठ्या रोवून मोहोराला न टेकतील असे पडदे टाकले, आणि लोहचुंबकाने माझे काटे पाऱ्यावर आणून मला मोहोराच्या उंचीला सोडून दोघं घरात गेले.

सकाळी ताई अनवाणी आली. छोट्या तिच्या मागे होता, तो घरी गेलाच नव्हता. ताई माझ्यासमोर उभी राहिली, पण माझ्याकडे बघेना.

"तू वाच."

छोट्या वाकला. आधी तो उजवीकडचा आकडा वाचायला गेला, मग डावीकडचा उलटा मोजून घोटाळला आणि शेवटी म्हणाला, "साडेतीन."

साडेतीन, आणि मोहोराला लागतात चार. ताईने पडदे बाजूला केले. खालचे सात तुरे तपकिरी झाले होते. वरचे पाच तसेच होते, फिकट पिवळे, किंचित मलूल. पाचही तुऱ्यांना तिने एकेक करून हात लावून पाहिला. आदल्या सकाळी माझ्या भिंतीवरच्या पाचाने तिला जो धीर दिला होता, तो खोटा होता. हे साडेतीन भीतीदायक होते, पण त्यांच्यावर काहीतरी उभं करता येत होतं.

पुढचे आठवडे तसेच ताणाचे गेले. पाच तुऱ्यांवर वाटाण्याएवढी अकरा फळं धरली. मग ती गळू लागली. रोज एक-दोन खाली पडलेली सापडायची. नऊ. सहा. तीन. एकदा गारा पडल्या, मोठ्या नाहीत, ज्वारीएवढ्या. तरी ताई मशीन सोडून छत्री घेऊन झाडाशी उभी राहिली. दोन महिन्यांनी लिंबाएवढी एकच कैरी उरली, वरच्या फांदीवर, पानाआड.

छोट्या आला तेव्हा ताईने त्याला तिथे नेलं. त्याने पान बाजूला करून पाहिलं.

"एकच?"

"एका तरी झाडाला म्हटलं होतं. एका तरी."

"वकील व्हायला हवी होतीस." तो कुंपणाच्या वाटेपर्यंत चालत गेला, खाली बसला, डोळा बारीक करून उताराकडे पाहिलं आणि परत आला. मला वाटलं, आता शेडचं काढेल. तो म्हणाला, "डाव्या कोपऱ्यात अजून थोडं तुंबतंय. पुढच्या थंडीच्या आत तेवढंही काढू. आणि हो, शेजारच्या मेलेल्या झाडांचे हे दोन्ही खड्डे भरून ठेव. नवी कलमं आणायला कधी जायचं?"

"जायचं म्हणजे? तू येणार?"

"टेम्पो माझा आहे. तू काय मांडीवर आणणार?"

मित्रांनो, आता मी भिंतीवर नाही. जमिनीच्या सर्वांत खालच्या, सर्वांत थंड जागी एका खांबावर छोट्या लाकडी छपराखाली टांगलेला असतो. तिथे मला ऊब नाही. छपरात गांधीलमाशांनी घर केलं आहे. रविवारी फडकं घेऊन कोणी येत नाही, कारण तेवढं खाली उतरावं लागतं. माझे आकडे आता कोणाला आवडत नाहीत. ताई ते वाचते, तोंड वाकडं करते आणि झाडांवर पडदे टाकायला जाते. मला कोणी गुणाचा म्हणत नाही. पण गेल्या हिवाळ्यात एकही झाड गेलं नाही.

माझी एवढीच विनंती आहे. तुमच्या घरी, शाळेत, प्रयोगशाळेत माझ्यासारखं कोणी असेल, तर त्याची काच जरूर पुसा, त्याला आपटू नका. पण त्याहून मोठी काळजी ही, की त्याला तुमच्या सोयीच्या जागी टांगू नका. ज्याला थंडी वाजते आहे, त्याच्या शेजारी टांगा. तिथवर चालत या, थोडा वेळ थांबा आणि मग वाचा. आकडा वाईट निघाला तर रागवा, हरकत नाही. मी खांबावरच असेन.